गुडघेदुखीसाठी पाण्यातील व्यायाम: आधार किती आणि कोकणात तो कसा करावा

उन्हवरे, तुरळ, अरवली किंवा राजापूरजवळील उन्हाळे येथील गरम पाण्याच्या कुंडांवर सांधे शेकायला जाण्याची रीत कोकणात जुनी आहे आणि तेथून आल्यावर हलके वाटते, हेही खोटे नाही. मात्र संशोधनाचा भक्कम आधार नुसते पाण्यात बसून राहण्याला नसून पाण्यात केलेल्या हालचालीला आहे. गुडघे व खुब्याच्या झिजेवरील 13 चाचण्या आणि 1190 रुग्णांचा कॉक्रेन आढावा (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा अभ्यास) 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाण्यातील व्यायामाने वेदना 100 गुणांच्या मोजपट्टीवर सरासरी 5 गुणांनी कमी झाल्याचे आढळले. हा आराम माफक आहे आणि तोही प्रामुख्याने व्यायामक्रम संपता संपता मोजलेला. म्हणून चार दिवस करून सोडून देण्यात अर्थ नाही. आमवातावर (सांधे सुजवणाऱ्या रुमॅटॉइड आर्थ्रायटिसवर) नुसत्या खनिजयुक्त पाण्याच्या स्नानाचा उपयोग होतो, असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा मात्र 2015 च्या आढाव्यात मिळाला नाही.

कंबरभर पाण्यात उभे राहिल्यास सांध्यांवर शरीराचे साधारण निम्मे वजन येते आणि छातीभर पाण्यात ते सुमारे एक तृतीयांशावर उतरते. त्यामुळे लावणीच्या हंगामानंतर जिना चढतानाही कळ येणारा गुडघा पाण्यात बिनतक्रार वाकतो. उपचाराच्या तलावात पाणी सहसा 33 ते 36 अंश सेल्सिअस ठेवतात. पण हालचाल सतत चालू असेल तर पोहण्याच्या साध्या तलावातील पाणीही चालते.

प्रथम कठड्याला धरून पाच मिनिटे सावकाश चालावे. मग पुढे, मागे आणि आडवे चालावे, एकेक पाय गुडघ्यात न वाकवता पुढे-मागे हलवावा आणि शेवटी कठडा न सोडता, दुखणार नाही इतपतच गुडघे वाकवून पुन्हा सरळ व्हावे. पाण्यात वेग वाढवला की विरोधही वाढतो, म्हणून जोर वाढवायचा तर आधी वेग वाढवावा. सुरुवातीस 15 ते 20 मिनिटे आणि आठवड्यातून दोन-तीन वेळा पुरे. पाण्यात दुखणे जाणवत नसल्यामुळे अति होण्याचा धोका असतो. दुसऱ्या दिवशी दुखणे नेहमीपेक्षा जास्त राहिले, तर पुढच्या वेळी वेळ निम्मा करावा.

तलाव जवळ नसल्यास शांत हंगामात, सोबत कोणीतरी असताना, मंद उताराच्या किनाऱ्यावर कंबरेपर्यंतच्या पाण्यात चालता येते. भरती-ओहोटीची वेळ स्थानिक मच्छीमारांना विचारावी. पाऊल उचलून टाकण्याऐवजी वाळूत घासत न्यावे, म्हणजे वाळूत दडलेले पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला मासा) आधीच दूर सरते. उतरत्या वाळूवर एक पाय सतत खाली राहतो, म्हणून जाताना जितके चालाल तितकेच उलट दिशेने परत यावे. पावसाळ्यात समुद्रात उतरूच नये.

कुंडात जायचेच असेल, तर उगमाजवळ पाय घालू नये. उन्हवऱ्यासारख्या ठिकाणी पाणी भाजण्याइतके तापलेले असते. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी तापमान दुसऱ्याकडून तपासून घ्यावे, हृदयविकार असलेल्यांनी व गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये, आणि कोणीही नाकातोंडात पाणी जाऊ देऊ नये, कारण गरम गोड्या पाण्यातून नाकावाटे होणारा अमीबाचा संसर्ग दुर्मीळ असला तरी जीवघेणा आहे.

व्यायामानंतरचे स्नायूंचे ठणकणे थंड पाण्याने काहीसे कमी होते, असे 2012 च्या आढाव्यात दिसले. पण त्या चाचण्यांतील पाणी बहुधा 15 अंशांच्या खालचे होते आणि आपल्या विहिरीचे पाणी कितीही गार लागले तरी तेवढे थंड नसते. स्नायू वाढवण्यासाठी वजने उचलणाऱ्यांनी हा उपाय रोज करू नये, कारण त्याने स्नायूंची वाढ मंदावल्याचे आढळले आहे. शस्त्रक्रियेनंतर जखम पूर्ण भरून शल्यविशारदांनी परवानगी देईपर्यंत पाण्यात उतरू नये. पायाला भेग किंवा कापल्याची खूण असेल तर पावसाळ्यात शेताच्या व ओढ्याच्या पाण्यापासूनही दूर राहावे, कारण लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचा) संसर्ग तेथून होऊ शकतो.