आलेला विचार, केलेला विचार

मराठीत विचार 'येतो' आणि विचार आपण 'करतो'. डोक्यात तेच तेच घोळत राहतं त्यावरचा इलाज या दोन क्रियापदांच्या मधल्या फटीत आहे. "साहेबांनी केबिनमध्ये का बोलावलं असेल?" हा विचार येतो, त्यावर आपला ताबा नाही. पण "परवाच्या रिपोर्टमुळे असेल, म्हणजे या वर्षी पगारवाढीचं काही खरं नाही, मग फ्लॅटचा हप्ता कसा भरायचा" हे पुढचं सगळं आपण करतो. करत असताना मात्र तेही आपोआप येतंय असंच वाटतं. आलेलं कुठे संपलं आणि केलेलं कुठे सुरू झालं हे त्या क्षणी ओळखता येणं, एवढाच इथे आत्मभानाचा अर्थ. ते सरावाने जमतं आणि त्याला साधारण तीन-चार आठवडे द्यावे लागतात.

आधी एक गोष्ट सोडून द्यायची: विचार दाबणं. औषध घेताना माकड आठवायचं नाही ही वैद्याची अट आपल्याकडे जुनीच आहे. डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1987 मध्ये हेच प्रयोगात दाखवलं. पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका आणि आलाच तर घंटी वाजवा, असं सांगितलेल्या लोकांच्या घंट्या वाजतच राहिल्या. नंतर मुभा मिळाल्यावर तर अस्वल त्यांच्या डोक्यात आणखी जोरात आलं. विचार आला का हे तपासत राहायला मनाला तो विचार जवळ ठेवावाच लागतो, म्हणून असं होतं.

पहिला आठवडा: फक्त नोंद

खिशात मावेल अशी छोटी वही आणि पेन घ्या. मोबाइलवर लिहू नका, कारण नोंद करायला उघडलेला फोन दहा मिनिटांनी भलतीकडेच नेऊन सोडतो. विचारांची साखळी लक्षात आली की, उशिरा आली तरी, पाच गोष्टी लिहा: वेळ, जागा, मनातलं वाक्य जसंच्या तसं, शरीरात कुठे काय जाणवलं आणि लगेच तुम्ही काय केलं. एक नोंद दोन-तीन ओळींची, त्याहून मोठी नको. उदाहरणार्थ:

"मंगळवार, रात्री 11:40. अंथरुणात. 'ग्रुपवर मी तसं लिहायलाच नको होतं.' छाती आवळल्यासारखी, दातावर दात. मेसेज उघडून दोनदा वाचला, मग कोणी कोणी पाहिलाय ते बघितलं."

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं आहे. विचारापेक्षा त्याला घातलेलं खतपाणी तिथे दिसतं. मेसेज पुन्हा वाचणं, घरी "त्यांना राग आला असेल का गं?" असं तिसऱ्यांदा विचारणं, लक्षण गूगलवर शोधणं, झालेलं भांडण मनात नव्याने आणि या वेळी जिंकत भांडणं. यातल्या प्रत्येक गोष्टीने चार-पाच मिनिटं बरं वाटतं. त्या बरं वाटण्यातून मन एवढंच शिकतं की धोका खरा होता आणि तपासलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी ते आणखी लवकर हाक मारतं.

या आठवड्यात काहीही बदलायला जाऊ नका. सात दिवसांनी वही सलग वाचा. शंभर विचार वाटत होते ते बहुतेक वेळा दोन-तीन वाक्यांवर येऊन थांबतात, फक्त कपडे बदलून आलेले असतात. जागाही ठरलेल्या निघतात: आंघोळ, भांडी घासताना, गाडी चालवताना, दिवा बंद केल्यावर. हात गुंतलेले आणि डोकं मोकळं, अशा त्या जागा.

दुसरा आठवडा: नाव द्यायचं, नावं ठेवायची नाहीत

त्या दोन-तीन वाक्यांना टोपणनावं द्या. 'हप्त्याची कॅसेट', 'ग्रुपवाला खटला', काहीही चालेल. थोडं गमतीशीर असलं तर बरंच. साखळी लक्षात आली की मनात म्हणायचं, "हप्त्याची कॅसेट लागली." मग मूळ वाक्याच्या आधी एक तुकडा जोडायचा: "मला असा विचार येतोय की नोकरी जाणार." 'नोकरी जाणार' ही बातमी वाटते. तुकडा जोडला की ते पुन्हा एक वाक्य होतं.

त्यानंतर शरीराकडे या. दोन्ही पायांचे तळवे जमिनीला टेकवा, जबडा सैल सोडा. चार आकड्यांत श्वास घ्या, सहा आकड्यांत सोडा, असे दहा श्वास. दीड-पावणेदोन मिनिटं लागतात. मग हातातल्या कामाची अगदी पुढची कृती करा: हे ताट विसळायचं, ही फाइल उघडायची. 'कामात लक्ष घालू' एवढं मोघम ठरवलं तर कॅसेट पुन्हा लागते.

सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. बहुतेक लोक नाव देतात आणि लगेच आत डोकावतात: गेला का विचार? ही पुन्हा तीच अस्वलाची घंटी. विचार मागे वाजत असताना ताट विसळून झालं, तर जमलं असं समजा. दुसरी चूक म्हणजे स्वतःला झापणं: "परत तेच? एवढं वाचून उपयोग काय?" हाही केलेलाच विचार आहे, त्यालाही नाव द्या. तिसरी चूक जरा चकवणारी असते. आपण आत्मपरीक्षण करतोय असं वाटत असतं आणि प्रत्यक्षात रवंथ चाललेलं असतं. प्रश्न ऐकला की फरक कळतो. 'माझ्याच बाबतीत असं का होतं?' आणि 'असं झालं तर?' हे प्रश्न गोल फिरतात. 'आता यात कोणतं काम आहे आणि ते कधी करू?' याला उत्तर असतं.

तिसऱ्या आठवड्यापासून: काळजीची वेळ

टॉमस बोर्कोवेक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये मांडलेली ही पद्धत दिसायला बावळट आहे, पण टिकून आहे. काळजी करायला रोज एक ठरलेली वेळ आणि ठरलेली जागा द्यायची. त्यांनी अर्धा तास दिला होता, सुरुवातीला वीस मिनिटं पुरतात. संध्याकाळी साडेसहा-सातच्या सुमारास, झोपायच्या निदान दोन तास आधी, एका खुर्चीत बसा. पलंगावर किंवा जेवायच्या जागी नको. दिवसभर विचार आला की वहीत दोन शब्द टिपायचे आणि त्याला "सातला ये" म्हणून वाटेला लावायचं.

सातला गजर लावून खरंच बसा. मन तुमचा शब्द तपासत असतं. दोन दिवस वेळ चुकली की ते 'सातला ये' मानत नाही. बसल्यावर प्रत्येक नोंदीपुढे 'काम आहे' किंवा 'काम नाही' असं लिहा. काम असेल तर कृती आणि वेळ लिहा: "उद्या 11 वाजता बँकेत फोन, हप्त्याची तारीख पुढे ढकलता येते का विचारणे." काम नसेल तर गजर होईपर्यंत हवी तेवढी काळजी करा. सातव्या-आठव्या मिनिटाला कंटाळा आला तर उत्तमच, तो येऊ द्या.

रात्री तीनला

झोपण्यापूर्वी पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी करा, जितकी नेमकी तितकी चांगली. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अशी यादी करणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी करणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. तरीही मध्यरात्री जाग आलीच तर घड्याळ बघू नका. साधारण वीस मिनिटं झाली असं वाटलं की उठा, मंद दिव्यात खुर्चीत बसून काहीतरी नीरस वाचा आणि डोळे जड झाले की परत पडा. अंथरुणात लोळत विचार करत राहिलात तर अंथरूणच विचारांची जागा होऊन बसतं. आणि संध्याकाळी पाचनंतरचा चहा आधी बंद करून बघा. कॅफीन तासन् तास शरीरात राहतं, त्यामुळे होणारी धडधड अनेकांना काळजीच वाटते.

हे कुठे पुरत नाही

गॅस बंद केला का, हात स्वच्छ आहेत का, असे विचार पुन्हा पुन्हा तपासल्याशिवाय सोडतच नसतील, तर वरच्या नोंदी आणि नावंही तपासण्याचाच एक विधी बनू शकतात. त्यासाठी वेगळे उपचार आहेत, ते तज्ज्ञांकडेच घ्यावेत. दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास राहणं, कशातच रस न वाटणं, भूक-झोप बिघडणं, हेही एकट्याने निस्तरायचं प्रकरण नव्हे. जगणं नकोसं वाटत असेल तर वहीबिही बाजूला ठेवा, जवळच्या माणसाला आत्ताच सांगा आणि 14416 वर फोन लावा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे. ती मोफत आहे, चोवीस तास सुरू असते आणि मराठीतही बोलता येतं. डॉक्टरांकडे जायचं ठरलं तर मात्र ती वही पहिल्याच भेटीत सोबत न्या.