क्रँक सेन्सर गेलाय असं वाटतंय? नवीन घेण्याआधी आणि बसवताना या चुका टाळा

गाडी तापली की बंद पडते आणि वीस-पंचवीस मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी चालू होते, हे ज्याने एकदा अनुभवलंय त्याला त्यातली धास्ती वेगळी सांगायला नको. माझ्या पेट्रोल हॅचबॅकने हे पहिल्यांदा केलं खंबाटकी घाट चढताना, मे महिना, एसी चालू, मागच्या सीटवर आई आणि दोन्ही पोरं, आणि आरशात भरलेला ट्रक. त्यानंतर दीड महिन्यात एका गॅरेजमध्ये फ्युएल पंप बदलला, दुसरीकडे प्लग आणि बॅटरी बदलली, आणि शेवटी दोष निघाला तो अंगठ्याएवढ्या, एका बोल्टवर बसणाऱ्या क्रँक सेन्सरमध्ये. म्हणून हे लिहितोय, कारण हा पार्ट स्वस्त असतो पण त्याच्या नावाने होणारा खर्च स्वस्त नसतो.

थोडक्यात काम काय त्याचं? क्रँकशाफ्टवर (पिस्टनने फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा) किंवा त्याच्या टोकाच्या फ्लायव्हील चाकावर दाते असलेली एक रिंग असते. बऱ्याच गाड्यांत ६० दात्यांची जागा असते पण दाते ५८च, दोन मुद्दाम गाळलेले, म्हणजे एक दाता ६ अंशांचा. सेन्सर हे दाते मोजत राहतो आणि ती मोकळी जागा आली की ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, कळतं की पिस्टन आत्ता कुठे आहे. स्पार्क कधी द्यायचा, इंजेक्टर कधी उघडायचा, सगळं यावर. सिग्नल गेला की इंजिन फिरतंय हेच ईसीयूला माहीत नसतं, मग तो काहीच करत नाही. काही गाड्या कॅम सेन्सरच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टची जागा सांगणारा सेन्सर) भरवशावर लांब सेल्फ मारल्यावर चालू होतात, पण सगळ्या नाही.

"स्पीड सेन्सर द्या" असं दुकानात म्हणू नका

पहिली चूक काउंटरवरच होते. इंजिनचा स्पीड सेन्सर म्हणजे क्रँक सेन्सर, काही जण आरपीएम सेन्सर म्हणतात. पण नुसतं स्पीड सेन्सर म्हटलं तर गिअरबॉक्सवरचा गाडीच्या वेगाचा सेन्सर हातात येतो किंवा चाकाजवळचा एबीएसचा. तिन्ही वेगळे आहेत. चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढून घ्या, जुन्या सेन्सरवर नंबर दिसत असेल तर फोटो काढून न्या, कारण एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांत कपलर (वायर जोडायचा प्लग) वेगळा असू शकतो.

कोड आला म्हणजे पार्ट गेला, असं नाही

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आपल्याकडे एप्रिल २०१३ नंतरच्या गाड्यांना ओबीडी-२ (गाडी स्वतःचे दोष कोडमध्ये नोंदवते ती सिस्टीम) आहे, साधा ब्लूटूथ स्कॅनर लावला तरी कोड दिसतो, आणि पी०३३५ दिसला की लोक थेट सेन्सर आणायला जातात. पण पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष आहे, आणि सर्किटमध्ये सेन्सर आला, कपलर आला, वायर आली, अर्थ (ग्राउंडची वायर) आला, ईसीयू पण आला. पी०३३६ आला तर सिग्नल येतोय पण नीट येत नाहीये, तिथे रिंगचा दाता तुटलेला, गॅप (सेन्सरचं टोक आणि दाते यांतलं अंतर) जास्त झालेला किंवा टोकाला लोखंडाचा चुरा चिकटलेला असू शकतो. पी०३३९ म्हणजे मध्येच येणारा-जाणारा दोष, इथे मला आधी कपलर आणि वायरचाच संशय येतो. आणि पी०३३५ सोबत कॅम सेन्सरचा पी०३४० एकदमच आला असेल तर दोन्ही सेन्सर एकाच दिवशी मेले असं धरू नका, दोघांना मिळणारा सप्लाय किंवा अर्थ बघा. ५ व्होल्टची लाइन बऱ्याचदा दुसऱ्या सेन्सरबरोबर वाटलेली असते, त्यातला कुठला तरी एक शॉर्ट झाला की बिचारा क्रँक सेन्सर बदनाम होतो. पी००१६ मात्र वेगळी गोष्ट आहे, क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाहीये, टायमिंग चेन ताणलेली असण्याची शक्यता तिथे खरी असते.

आणि कोड पुसायची घाई करू नका. त्याच्यासोबत फ्रीझ फ्रेम सेव्ह झालेली असते, दोष आला तेव्हा कूलंट किती तापलं होतं, आरपीएम किती होता, हे सगळं त्यात असतं. "आधी क्लिअर करून बघू परत येतो का" म्हणताना तोच पुरावा जातो. स्क्रीनशॉट घ्या, मग पुसा.

पंपाचा आवाज येत नाही म्हणून पंप बदलला

माझं नेमकं हेच झालं. चावी ऑन केली की पंप दोन-तीन सेकंद चालतो आणि थांबतो, त्यानंतर क्रँकचा सिग्नल आल्याशिवाय ईसीयू त्याला परत चालू करत नाही, अपघातात इंजिन बंद पडलं तर पेट्रोल ओतत राहू नये म्हणून ही सोय आहे. म्हणजे क्रँक सेन्सर मेला की सेल्फ मारताना पंप बंदच राहणार! मेकॅनिकने टाकीजवळ कान लावला, सेल्फ मारताना आवाज नाही, झाला निष्कर्ष, पंप गेला. डिझेलमध्येही गफलत अशीच, इंजेक्टरच उघडत नाहीत आणि संशय हाय प्रेशर पंपावर जातो.

यावर उपाय फुकटचा आहे. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघा. काटा जरासा हलला पाहिजे. मीटरचा काटा इतक्या कमी आरपीएमला काही गाड्यांत हलत नाही, म्हणून स्कॅनरवर लाइव्ह डेटात आरपीएम बघणं जास्त खात्रीचं, सेल्फवर साधारण १५० ते २५० दिसायला हवेत. सेल्फ जोरात फिरतोय आणि आकडा शून्य, तर क्रँकच्या सर्किटकडे वळा. आकडा नीट येतोय आणि गाडी पेटत नाहीये तर सेन्सरला हात लावू नका, पंप, प्लग, इमोबिलायझर (चावी ओळखणारं चोरीविरोधी लॉक, चावीचा लाइट मिचमिचतोय का ते बघा) यांच्याकडे जा. चालता चालता गाडी मेली तरी हेच, काटा एकदम शून्यावर पडला की इंजिन हळूहळू बसत गेलं, एवढं लक्षात ठेवलं तरी मेकॅनिकचं अर्धं काम होतं.

बॅटरी मात्र आधी बघा. दोन वायरींचा सेन्सर स्वतःच वीज तयार करतो आणि ती रिंगच्या वेगावर अवलंबून असते, सेल्फ रखडत फिरला की सिग्नलच अशक्त. सेल्फ मारताना बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल तर आधी ती चार्ज करा, टर्मिनल घासा, मग बाकीचं.

मीटर लावताना

सेन्सर दोन प्रकारचे. दोन वायरींचा इंडक्टिव्ह, म्हणजे आत कॉइल आणि मॅग्नेट. तीन वायरींचा बहुतेक वेळा हॉल टाइप, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक चिप, त्याला सप्लाय लागतो. पण नुसत्या वायरी मोजून ठरवू नका, इंडक्टिव्हलाही कधी कधी तिसरी वायर असते, ती शिल्डची, म्हणजे बाहेरचा विजेचा गोंगाट अडवणाऱ्या जाळीची. हा फरक न बघता ओमवर मीटर लावणं ही चूक मी चांगल्या अनुभवी माणसांकडून होताना बघितलीये. हॉल सेन्सरच्या आत इलेक्ट्रॉनिक्स आहे, त्याचा ओम मोजून काहीही कळत नाही आणि उलट तो खराब होऊ शकतो.

इंडक्टिव्ह असेल तर कपलर काढून सेन्सरच्या दोन पिनांवर ओम बघा, बऱ्याचशा गाड्यांत ५०० ते १५०० च्या दरम्यान येतो, पण शेवटचा शब्द तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचा. मग एसी व्होल्टवर ठेवून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा, अर्धा व्होल्ट किंवा जास्त यायला हवं. हॉल असेल तर चावी ऑन करून गाडीकडच्या कपलरवर सप्लाय आणि अर्थमध्ये ५ व्होल्ट (काही गाड्यांत १२) येतात का बघा, ते येत नसतील तर नवीन सेन्सर लावूनही काही होणार नाही. सप्लाय बरोबर असेल तर कपलर परत लावून सिग्नल वायरवर मागून पिन लावा, सेल्फ मारताना व्होल्टेज वर-खाली होत मधल्या कुठल्यातरी आकड्यावर थरथरलं पाहिजे, एकाच जागी चिकटलं तर दोष आहे.

आणि पिन मागूनच लावायची, वायरच्या इन्सुलेशनला टोचून नाही. ते भोक दिसत नाही पण पावसाळ्यात त्यातून पाणी शिरतं, कोकणात आणि गोव्यात तर खाऱ्या हवेने आतली तार हिरवी पडते, आणि नवाच दोष सुरू होतो.

सगळ्यात मोठी गोष्ट, थंड गाडीवर चेक करून "सेन्सर ओके आहे" म्हणू नका. कॉइलची तार आत कुठेतरी तडकलेली असते, थंड असताना चिकटून राहते, तापली की प्रसरण पावून सुटते, थंड झाली की परत जुळते. म्हणून तर गाडी वीस मिनिटांनी चालू होते. माझा सेन्सर थंड असताना दोन गॅरेजांत पास झाला होता. गाडी बंद पडेल तेव्हाच, त्याच जागी, मीटर लावायचं. हात पोचत असेल तर ओलं फडकं सेन्सरवर दोन-तीन मिनिटं धरून बघा आणि परत सेल्फ मारा, लगेच पेटली तर दोष जवळजवळ सापडलाच. फक्त तापलेल्या मॅनिफोल्डवर (इंजिनला जोडलेला धुराचा पाइप) पाणी ओतू नका, त्याला तडा जाऊ शकतो, आणि हात सांभाळा.

वायर, उंदीर आणि क्लचचं काम

माझ्या मेहुण्याच्या गाडीत दोनदा सेन्सर बदलला, दोन्ही वेळा आठ-दहा दिवस बरी चालली. शेवटी निघालं काय, तर उंदराने खालच्या बाजूने वायर कुरतडलेली, वरून बघितलं तर स्लीव्ह धडधाकट. सेन्सर बदलताना वायर हलायची आणि काही दिवस तारा एकमेकींना टेकायच्या. त्यामुळे इंजिन चालू ठेवून वायर आणि कपलर हलवून बघा, बंद पडलं किंवा झटका बसला तर जागा सापडली. पण पंख्यापासून आणि बेल्टपासून लांब राहा, बाह्या वर, ओढणी-उपरणं अजिबात नको. कपलरच्या आत तेल आहे का, पिन मागे सरकलीये का, लॉक तुटलाय का, हे दिवसाउजेडी बघायचं. जोड द्यायचा तर डाग देऊन (सोल्डर करून) वर श्रिंक स्लीव्ह, नुसती पिळून टेप नको, तिथल्या उष्णतेत टेप सुटते. शिल्डवाली वायर असेल तर तिच्या जागी साधी वायर टाकू नका, इग्निशनचा गोंगाट सिग्नलमध्ये शिरतो. आणि इंडक्टिव्हच्या दोन वायरी उलट्या जोडल्या तर सिग्नलच उलटा होतो, गाडी नीट पेटत नाही आणि कारण शोधता शोधता दिवस जातो.

क्लचचं काम झाल्यानंतर हा त्रास सुरू झाला असेल तर मात्र सरळ तिथेच बघा. गिअरबॉक्स उतरवताना सेन्सर काढायचा राहिला तर त्याचं टोक ठेचतं, किंवा वायर बेल हाउसिंगमध्ये (क्लचवरचं गिअरबॉक्सचं कव्हर) चेपते, किंवा रिंगचा दाता वाकतो.

बसवताना

बॅटरीची निगेटिव्ह काढा, इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. सेन्सर खालून काढायचा असेल तर गाडी नुसत्या जॅकवर ठेवून आत शिरू नका, ही एक गोष्ट तरी माझ्यासाठी ऐका, स्टँड लावा किंवा रॅम्पवर घ्या. बोल्ट बहुधा एकच असतो, पुष्कळदा दहाच्या पान्याचा. सेन्सर वर्षानुवर्षं ॲल्युमिनियममध्ये बसून जाम झालेला असतो, स्क्रूड्रायव्हरने उचकटलं की तुटतो आणि अर्धा आत राहतो, मग खरा ताप. गंज सोडवणारा स्प्रे मारा, दहा मिनिटं थांबा, हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत काढा. टोकाला लोखंडाचा चुरा दिसला तर तो पुसून तोच सेन्सर परत लावून बघायला हरकत नाही, कधी कधी तेवढ्यानेच काम होतं. जागा फडक्याने साफ करा, नव्या ओ-रिंगला बोटभर इंजिन ऑइल लावा आणि हाताने दाबून बसवा. हातोडी नाही. बोल्टने ओढून बसवणं पण नाही, सेन्सरचा बोल्टचा कान तुटतो. बोल्ट छोटा असतो, त्याला ८ ते १० न्यूटन मीटर पुष्कळ, म्हणजे छोट्या रॅचेटने मनगटाच्या जोरावर.

गॅप हा विषय लोक विसरतात. टोक आणि दात्यांमध्ये साधारण अर्धा ते दीड मिलिमीटर अंतर असतं. लोकल मेकचा सेन्सर अर्धा मिलिमीटर जरी आखूड निघाला तरी गाडी एरवी चालते पण सेल्फवर त्रास देते. जुना-नवा शेजारी ठेवून लांबी जुळवा, आणि पैसे वाचवायचे तर दुसऱ्या कुठल्या पार्टवर वाचवा, इथे कंपनीचा किंवा मूळ सप्लायरचा माल घ्या. वायर जुन्याच क्लिपांमधून, सायलेन्सरपासून लांब.

नंतर कोड पुसा. काही गाड्यांना, शेवरलेच्या बऱ्याच मॉडेलना तर नक्कीच, नवा सेन्सर स्कॅनरने शिकवावा लागतो, न शिकवल्यास पी०३१५ येतो. तो आला म्हणून नवा सेन्सर परत करायला जाऊ नका.

लगेच घाटात नेऊ नका. आधी गावातल्या गावात पंखा दोन-तीनदा सुरू होईपर्यंत तापवा, बंद करा, बोनेट न उघडता पंधरा मिनिटं थांबा कारण बंद केल्यावरच इंजिनची उष्णता सेन्सरमध्ये जास्त शिरते, मग परत चालू करा. हे तीनदा. दोष पक्का सापडेपर्यंत गाडी हायवेवर काढूच नका, आणि तरी चालत्या गाडीत इंजिन मेलंच तर चावी लॉकपर्यंत फिरवू नका, स्टिअरिंग अडकेल. स्टिअरिंग जड होईल, ब्रेकचा बूस्टर एक-दोनदाच साथ देईल, म्हणून ब्रेक पंप न करता एकदाच दाबून धरा, हॅझर्ड लावा आणि डावीकडे घ्या.

जुना सेन्सर इंडक्टिव्ह असेल तर फेकू नका, घरी आणा. पिनांना मीटर लावून हेअर ड्रायरने पाच मिनिटं तापवा. माझ्यात ८०० ओमच्या आसपासचा आकडा हळूहळू चढत गेला आणि एकदम ओपन झाला, म्हणजे आतली तार सुटली, तेव्हा खात्री पटली. तुमच्यात आकडा थोडासा चढून तिथेच स्थिर राहिला, तर नवा सेन्सर लावलेला असला तरी एकदा परत वायरीकडे जा.