आधी वही, मग एआय: मुलाखतीच्या तयारीची यादी

मुलाखतीचा मेल किंवा फोन आला की आधी तो शांतपणे पुन्हा वाचा. पद कोणतं, बोलावलंय कुठे, समोरासमोर की ऑनलाइन, मेल कंपनीच्याच पत्त्यावरून आलाय का, हे कागदावर उतरवून घ्या. नोंदणी, गणवेश किंवा लॅपटॉपच्या नावाखाली कोणी पैसे मागितले तर तयारी तिथेच थांबवा. नोकरी देणारा उमेदवाराकडून पैसे घेत नसतो. भरती सरकारी असेल तर मुलाखत आहे का, हेच आधी बघा. केंद्र सरकारच्या गट क आणि अराजपत्रित गट ब पदांच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद झाल्या आहेत. रेल्वेच्या एनटीपीसी (क्लार्क, स्टेशन मास्तर अशी नॉन-टेक्निकल पदं) किंवा टेक्निशियन भरतीत परीक्षा, कागदपत्रांची तपासणी आणि मेडिकल असतं, मुलाखत नसते. भुसावळकडच्या मुलांनी तो वेळ गणिताला द्यावा. सरकारी बँकेत क्लार्कला मुलाखत नाही, पीओला (प्रोबेशनरी ऑफिसरला) आहे, आणि बँकांच्या परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या पीओ भरतीत अंतिम यादीसाठी मुख्य परीक्षेला ८० आणि मुलाखतीला २० टक्के वेटेज असतं.

मुलाखत आहे हे नक्की झालं की लगेच चॅटजीपीटी, जेमिनाय किंवा क्लॉड उघडू नका. आधी वही उघडा. या सगळ्या यादीत मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. आपण हाताने काय काय केलंय ते वहीत लिहून काढा. मराठीत लिहा, अहिराणीत लिहा, तुटक लिहा, पण स्वतः लिहा. फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये आपल्या वाट्याला नेमकं काय होतं, ॲप्रेंटिसशिपला कोणत्या मशीनवर उभे होतो, दाल मिलमध्ये सुट्टीत काम केलं तेव्हा काय बिघडलं आणि ते कोणी दुरुस्त केलं, गणेश मंडळाचा हिशेब कसा ठेवला, हे सगळं त्यात आलं पाहिजे. हे न लिहिता थेट एआयला ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’चं उत्तर मागितलं, तर ते तुम्हाला मेहनती, ध्येयवादी, टीममध्ये मिसळणारा असं काहीतरी बनवून देईल. तेच उत्तर शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या पोरालाही मिळालेलं असेल. जळगावच्या एमआयडीसीत बसलेला मॅनेजर सकाळपासून तेच ऐकत असतो. त्यात एआयचा दोष नाही. तुम्ही कोण, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

यावलकडच्या एका डिप्लोमावाल्या मुलाच्या वहीतला मजकूर इथे देतो, कारण वही कशी असावी ते त्यातून कळतं. त्याने लिहिलं होतं: घरच्या केळीला ड्रिप. शेवटच्या ओळींतली झाडं बारीक राहायला लागली. आप्पांचं म्हणणं, मोटार कमी पडते. मी ग्लास घेतला आणि ड्रिपरखाली एक मिनिट पाणी धरलं. ड्रिपर ताशी ४ लिटरचा, म्हणजे मिनिटाला साधारण ६७ मिली यायला पाहिजे. पहिल्या ओळीत तेवढं येत होतं, शेवटच्या ओळीत निम्मंसुद्धा नाही. नळ्यांची टोकं उघडून फ्लश केलं, गाळ निघाला, तरी ड्रिपरवर पांढरा थर होताच. मग ॲसिड सोडलं, धुऊन काढलं आणि पाणी परत मोजलं.

हा मुलगा पाइपच्या कारखान्यात ट्रेनी इंजिनिअरच्या मुलाखतीला चालला होता आणि घरची शेती सांगायची की लपवायची, या विचारात होता. अरे, ही तर सगळ्यात भारी गोष्ट आहे! बिघाड दिसला, अंदाज न बांधता मोजमाप केलं, एकेक कारण बाजूला काढलं, उपाय केला आणि पुन्हा मोजून खात्री केली. प्रॉडक्शनच्या माणसाला याहून वेगळं काय ऐकायचं असतं? ठिबकच्या नळ्या आणि पाइप जिथे बनतात त्या जळगावात तर हे समोरच्याला लगेच कळणार. केळी, कापूस, मिरची, दूध, किराणा दुकान, वडिलांचं गॅरेज, यातलं जे घरी असेल ते वहीत आलंच पाहिजे.

वही भरली की एआयकडे वळा, आणि वळताना त्याला उत्तरं लिहायला सांगू नका, प्रश्न विचारायला सांगा. जाहिरातीतलं कामाचं वर्णन जसंच्या तसं चिकटवा, खाली वहीतला मजकूर टाका आणि असं काहीतरी लिहा: ‘तू पीव्हीसी पाइप बनवणाऱ्या कंपनीतला प्रॉडक्शन मॅनेजर आहेस. माझी मुलाखत घे. एका वेळी एकच प्रश्न विचार. मी उत्तर दिलं की त्याच उत्तरातलं कच्चं टोक पकडून आणखी दोन प्रश्न विचार. माझं कौतुक करू नकोस. मला उत्तर लिहून देऊ नकोस. शेवटी मी कुठे अडलो एवढंच सांग.’ यातलं कौतुक करू नकोस हे वाक्य विसरू नका. ही साधनं गोड बोलतात, आणि गोड ऐकून तयारी होत नाही.

वरच्या मुलाला एआयने विचारलं, किती ड्रिपर मोजले? पांढरा थर क्षारांचाच होता हे कशावरून? मोटारीचा दाब तपासला का? पहिल्याचं उत्तर त्याच्याकडे होतं. दुसऱ्याचंही होतं: थरावर थेंबभर ॲसिड टाकल्यावर फेस आला. तिसऱ्याला तो अडला, कारण फिल्टरजवळचं प्रेशर गेज बंद पडलेलं होतं, दाब मोजलाच नव्हता. एआयकडे तयार उत्तर मागितलं असतं तर त्याने गुळगुळीत इंग्रजीत दाबाचा एक आकडाही बसवून दिला असता. तो आकडा तोंडावर आला की समोरचा पुढचं विचारणार, गेज कुठे लावलं होतं? तिथे सगळं कोसळतं. ‘गेज बंद होतं, म्हणून दाब मोजता आला नाही, आज केलं असतं तर आधी गेज बदललं असतं’ हे उत्तर खरं आहे आणि मुलाखतीत तेच उभं राहतं. म्हणून प्रत्येक गोष्टीवर तिसऱ्या प्रश्नापर्यंत स्वतःला नेऊन बघा. जी गोष्ट तिसऱ्या प्रश्नाला टिकत नाही, ती बायोडेटातून काढा.

मधल्या रिकाम्या वर्षाचंही तसंच. ते कसं झाकायचं हे एआयला विचारलं तर ते ‘स्वयंअध्ययन आणि कौशल्यविकास’ असं काहीतरी सुचवेल. वर्षभर घरी बाग सांभाळली असेल तर तसंच सांगा, आणि त्या बागेवर येणाऱ्या प्रश्नांचा सराव करा. मुलींना लग्नानंतर काय करणार, रात्रपाळी जमेल का, घरचे पाठवतील का, हे अजूनही विचारलं जातं. विचारणं चूक आहे, पण खुर्चीत बसल्यावर पहिल्यांदाच ऐकलं तर राग येतो नाहीतर गोंधळ उडतो. एआयला हेच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारायला सांगा आणि दोन वाक्यांत, आवाज न चढवता, पुन्हा कामाच्या विषयावर येण्याचा सराव करा.

एआयने सांगितलेली माहिती तपासल्याशिवाय तोंडात येऊ देऊ नका. ते चुकीची गोष्टही बरोबर गोष्टीइतक्याच ठामपणे सांगतं. एक नमुना घ्या. पीव्हीसी पाण्याच्या पाइपसाठी भारतीय मानक आयएस ४९८५ आहे आणि एचडीपीई, म्हणजे पॉलिथिनच्या पाइपसाठी आयएस ४९८४. दोन शेजारचे आकडे, त्यांची अदलाबदल सहज होऊ शकते, आणि पाइपच्या कारखान्यात ही अदलाबदल झाली की मुलाखत तिथेच खाली येते. दुसरा नमुना आपल्या भागातला. भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणी आधी एकाच ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डाखाली होत्या. १ ऑक्टोबर २०२१ पासून ते बोर्ड राहिलं नाही, ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. भुसावळ यंत्र इंडिया लिमिटेडकडे गेली, वरणगाव म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे. जुन्या माहितीवर उत्तर बेतलेलं असेल तर तुम्ही बोर्डाचं नाव घ्याल. तेव्हा कंपनीबद्दलची प्रत्येक ओळ कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर किंवा वार्षिक अहवालात बघा. पगाराचा अंदाज तर एआयकडून घेऊच नका. धुळे-नरडाण्याच्या कारखान्यांत ट्रेनीला काय देतात हे तिथे लागलेला सीनियरच सांगेल.

इंग्रजीचं भय हा आपल्याकडे मोठा विषय, म्हणून याला थोडा जास्त वेळ द्या. पद्धत अशी ठेवा. उत्तर आधी मराठीत मोठ्याने बोला. मग एआयला सांगा, हेच सोप्या इंग्रजीत, एका वाक्यात दहाच्या आसपास शब्द ठेवून दे, मी वापरलेलं कोणतंही तांत्रिक नाव बदलू नकोस. जे येईल त्यातला जो शब्द तुम्ही रोज बोलत नाही तो काढून टाका. पाठ करू नका, मुद्दे लक्षात ठेवा आणि व्हॉइस मोडवर बोलून बघा. बोलताना फोनवर आवाज रेकॉर्ड करा आणि ऐका. कुठे घाई होते, कुठे वाक्याचा शेवट गिळला जातो, ते तुमचं तुम्हालाच कळतं. उच्चाराला खान्देशी वळण आहे म्हणून लाजायचं काही कारण नाही. समोरच्याला शब्द स्पष्ट ऐकू यायला हवेत, बस्स. आणि स्थानिक कारखान्यांत निम्मी मुलाखत मराठी-हिंदीतच होते, त्यामुळे तीही उत्तरं तयार हवीत.

यानंतर माणूस गाठा. एआय तुमचे डोळे, हात, बसणं बघत नाही, आणि कंटाळा आला तरी तसं दाखवत नाही. रेल्वेतून किंवा दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले कोणी काका, नाना गल्लीत असतीलच. त्यांच्यासमोर टेबलापलीकडे बसा आणि सगळं सांगा. प्रोजेक्टची मोठी गोष्ट ऐकून झाल्यावर ते चष्म्यावरून बघत विचारतील, ‘मंग तू काय करं तठे?’ म्हणजे, मग तिथे तू काय केलंस? ग्रुपने केलं, सरांनी सांगितलं, हे सगळं सोडून ‘मी’ने सुरू होणारं एक वाक्य तेव्हा निघालं पाहिजे.

बायोडेटा एआयकडून सुधारून घ्यायला हरकत नाही, फक्त शुद्धलेखन, क्रम आणि जाहिरातीतले शब्द आलेत का एवढंच बघायला सांगा. नवीन कौशल्य त्याने घुसवलं तर खोडा. आधार, पॅन, मार्कशीटचा सीट नंबर, घरचा पत्ता यातलं काही टाकू नका. ते भाग काळे करूनच द्या. जुन्या कंपनीतली ड्रॉइंग, दर, ग्राहकांची नावं तर मुळीच नाही. सेटिंगमध्ये डेटा कंट्रोल किंवा तत्सम पर्याय असतो, तिथे आपलं संभाषण प्रशिक्षणासाठी वापरू द्यायचं की नाही ते ठरवता येतं. तो एकदा उघडून बघा.

ऑनलाइन मुलाखत असेल तर एआय आदल्या रात्रीच बंद करायचं. मुलाखत चालू असताना दुसऱ्या स्क्रीनवर किंवा कानात उत्तर घेणं म्हणजे फसवणूक आहे आणि ती दिसते. प्रश्नानंतरचा ठरावीक थांबा, एका ओळीवरून सरकणारे डोळे आणि अचानक बदललेली भाषा, हे मुलाखत घेणारे आता ओळखतात. याच कारणाने कंपन्या समोरासमोरच्या फेऱ्यांकडे परत वळताहेत. सुंदर पिचाई यांनीही २०२५ मध्ये सांगितलं की गूगलमध्ये किमान एक फेरी प्रत्यक्ष भेटीची ठेवली जातेय. त्या दिवशी काळजी वेगळी करायची आहे. लाईट जाऊ शकते, म्हणून फोन आणि लॅपटॉप पूर्ण चार्ज, दुसऱ्या कंपनीचं सिम हॉटस्पॉटला तयार. मे महिन्यात कूलर लावावाच लागतो, पण त्याच्या आवाजात तुमचं बोलणं बुडतं. मुलाखतीपुरता बंद ठेवता येईल अशी सकाळची वेळ मिळते का ते नम्रपणे विचारा. गावात रेंज नसेल तर तालुक्याच्या मित्राची खोली आधीच बोलून ठेवा.

समोरासमोर असेल तर मूळ प्रमाणपत्रं, त्यांच्या झेरॉक्सचे दोन संच, फोटो, आणि जातपडताळणी लागत असेल तर तेही एका फायलीत क्रमाने. पुण्या-मुंबईला जायचं असेल तर आदल्या दिवशीच पोहोचा. रात्रीच्या गाडीने थेट मुलाखतीला उतरू नका, वेटिंगच्या तिकिटावर तर नाहीच. गाडीत वही वाचा, फोन नको.

आणि बाहेर पडल्या पडल्या, घरी फोन करायच्याही आधी, विचारलेले सगळे प्रश्न वहीत लिहून काढा, ज्यांना अडलात त्यांच्यापुढे खूण करा. संध्याकाळपर्यंत निम्मे विसरलेले असतात. पुढच्या सरावाला एआयला हेच प्रश्न द्यायचे, आणि कॉलेजच्या ग्रुपवरही टाकायचे, कारण त्याच कंपनीत पुढच्या आठवड्यात चोपड्याची किंवा शहाद्याची कोणीतरी मुलगी जाणार असते.