घरी टू-वे स्पीकर बनवताय? क्रॉसओव्हरच्या या चुका टाळा

खालच्या सुरांसाठी साडेसहा इंची वूफर, वरच्या सुरांसाठी एक इंची डोम ट्वीटर, सुबक प्लायची पेटी. सगळं मनासारखं जमतं, मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेला तयार क्रॉसओव्हर, म्हणजे दोघांत आवाज वाटून देणारा बोर्ड, आत बसतो आणि गाणं पोकळ वाजतं. अशा वेळी ड्रायव्हर (वूफर-ट्वीटर) बदलायची घाई करू नका. आधी तो बोर्ड तपासा.

बोर्डावरचं ‘३ किलोहर्ट्झ, ८ ओहम’, म्हणजे आवाज ३ किलोहर्ट्झला वाटला जाणं, खरं ठरतं ते जोडलेल्या ड्रायव्हरचा भार सतत ८ ओहम राहिला तरच. साध्या फर्स्ट ऑर्डर (प्रत्येक ड्रायव्हरला एकच भाग असलेल्या) बोर्डात ट्वीटरला साधारण ६.६ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि वूफरला ०.४२ मिलीहेन्रीची कॉइल असते. त्याला ४ ओहमचे ड्रायव्हर जोडले, की वूफर दीड किलोहर्ट्झलाच उतरू लागतो आणि ट्वीटर सहाच्या आसपास कुठे जोर धरतो. मधला खड्डा गायकाच्या शब्दांवरच पडतो. बरं, ८ ओहमचा वूफरही ८ वर थांबत नाही. त्याच्या आतल्या व्हॉइस कॉइलच्या इंडक्टन्समुळे त्याचा इम्पिडन्स (बदलत्या करंटला होणारा विरोध) फ्रीक्वेन्सीबरोबर वर चढत जातो आणि क्रॉसओव्हरची कॉइल त्याला नीट आवरू शकत नाही. वूफरला समांतर रेझिस्टर-कपॅसिटरची झोबेल जोडी लावली तर ही चढण सपाट होते. (मल्टीमीटरवर ८ ओहमचा ड्रायव्हर सहाच्या आसपास दिसतो. तो डीसी रेझिस्टन्स आहे, बिघाड नव्हे.)

आवाज पातळ आणि टोचरा वाटत असेल तर पेटीची रुंदी मोजा. २० सेंटिमीटरच्या पुढच्या फळीवर साधारण ६०० हर्ट्झच्या खाली आवाज मागेही पसरू लागतो आणि समोरची पातळी ६ डेसिबलपर्यंत घटते. क्रॉसओव्हरमधली वूफरची कॉइल मोठी घ्या, ट्वीटरला एल-पॅड (पातळी कमी करणारी रेझिस्टरची जोडी) लावा. भिंतीला टेकवून ठेवायचा स्पीकर असेल तर ही भरपाई कमी पुरते.

ट्वीटर चिरकत असेल तर क्रॉसओव्हरची फ्रीक्वेन्सी बहुधा फार कमी आहे. ती ट्वीटरच्या रेझोनन्सच्या (त्याच्या नैसर्गिक कंपनाच्या फ्रीक्वेन्सीच्या) निदान दुप्पट ठेवा.

शेवटी पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनसची दिशा. आरईडब्ल्यू (रूम ईक्यू विझार्ड) हे आवाज मोजायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मोजणीचा माइक ट्वीटरच्या उंचीवर, मीटरभर अंतरावर ठेवा. एकदा सरळ जोडणी मोजा, एकदा ट्वीटरच्या वायरी उलटून. एका जोडणीच्या आलेखात क्रॉसओव्हरच्या फ्रीक्वेन्सीपाशी खोल दरी दिसली, तर दुसरी जोडणी बरोबर. दरी कशातच दिसत नसेल तर दोन ड्रायव्हरांचा फेज (लहरींची वेळ) जुळलेला नाही, आणि कॉइल-कपॅसिटरची मूल्यं बदलून पुन्हा मोजायला हवं.