जुन्या इंग्रजीतला हरवलेला शब्द कसा शोधायचा: 'वेर' घेऊन करून बघू

वेअरवुल्फ, म्हणजे गोष्टींतला लांडगा होणारा माणूस, त्यातला वुल्फ म्हणजे लांडगा हे कळतं, पण 'वेअर' काय? हा जुन्या इंग्रजीतला 'वेर', म्हणजे पुरुष. तेव्हा 'मॅन' म्हणजे कुठलंही माणूस, बाई असो वा बुवा, पुढे मॅननेच पुरुषाची जागा घेतली आणि तेराव्या शतकाच्या शेवटाकडे वेर एकटा दिसेनासा व्हायला लागला.

असा शब्द शोधताना आधी जोडशब्द बघायचे, कारण एकटा शब्द जातो पण जोडीत टिकतो. आपलं माजघर घ्या ना, त्यातला माज म्हणजे मध्य, एकटा आज कोण वापरतं? वेरचं तसंच. वर्ल्ड म्हणजे मुळात वेर अधिक वय, माणसाचं युग! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या एका शब्दाकडेच बघत बसलो होतो. आणि वेरगिल्ड, म्हणजे माणूस मारला तर त्याच्या घरच्यांना द्यायची किंमत. वेसेक्स या इंग्लंडमधल्या जुन्या राज्यात साध्या शेतकऱ्याची 200 शिलिंग, सरदाराची 1200. केंटच्या एथलबर्ट राजाच्या कायद्यात, साधारण इ.स. 600 चा आहे तो, अंगठा तुटला तर 20 शिलिंग आणि पुढचा दात पडला तर 6, इतकं बारीक लिहिलंय.

मग डिक्शनरी. जुन्या इंग्रजीसाठी बॉसवर्थ-टॉलर, त्यानंतरच्या काळासाठी मिशिगन विद्यापीठाची मिडल इंग्लिश डिक्शनरी, दोन्ही ऑनलाइन फुकट आहेत. तिथे नुसता अर्थ बघून बाहेर पडू नका, खाली दिलेली जुनी वाक्यं वाचा, कारण वेर नावाचाच दुसरा शब्द आहे, अर्थ बंधारा, जसा आपल्याकडे माजघरातला माज वेगळा आणि अंगात येतो तो माज वेगळा.

शेवटी नातेवाईक शोधा. लॅटिन 'विर', संस्कृत 'वीर', हे वेरचे सख्खे भाऊ. पण म्हणून वेर संस्कृतातून गेला असं प्लीज फॉरवर्ड करू नका, तिघांचा पूर्वज एक आहे, भाऊ भावाचा बाप होत नाही. नुसता आवाज जुळला म्हणून नातं धरायचं नाही, एका भाषेतला आवाज दुसरीत जसा बदललाय, तोच बदल दुसऱ्या चार शब्दांत दिसतोय का ते तपासायचं.

आता मिडवाइफ, म्हणजे सुईण, हा शब्द घेऊन स्वतः करून बघा, हिंट देतो, त्यातला मिड म्हणजे मधला नाही, 'सोबत'.