रॉकेट सोडण्यापूर्वी जमिनीलगतचा वारा सोडारने कसा मोजावा

केरळमधील थुंबासारख्या किनारी तळावरून आरएच-२०० जातीचे, उड्डाणात दिशा सुधारण्याची सोय नसलेले साउंडिंग रॉकेट (वरच्या वातावरणाची मोजमापे घेणारे छोटे रॉकेट) सोडताना पहिल्या काहीशे मीटरांतील वारा सर्वांत महत्त्वाचा ठरतो, कारण तेथे रॉकेटचा वेग कमी असल्याने शेपटीकडील पंखांमुळे रॉकेटचे नाक वारा येतो त्या बाजूला वळते आणि ते कोठे पडेल हे बदलते. प्रक्षेपकाचा कोन व दिशा त्यासाठी आधीच दुरुस्त करून ठेवावी लागते. हवामानाचा फुगा सेकंदाला साधारण ५ मीटर चढतो, म्हणजे ३०० मीटरचा थर मिनिटाभरात ओलांडतो आणि त्या मिनिटापुरतेच सांगतो. सोडार, म्हणजे आकाशात ध्वनीचे ठोके सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून वारा मोजणारे यंत्र, तोच थर पुन्हा पुन्हा मोजत राहतो. मुंबईच्या ‘समीर’ संस्थेने अशी यंत्रे देशातच बनवली आहेत.

सोडार एक झोत सरळ वर आणि दोन झोत तिरके सोडतो, व हवेतील तापमानाच्या बारीक चढउतारांवरून परतलेल्या ध्वनीची बदललेली वारंवारता पाहतो. झोत २० अंश कललेला, ध्वनी २००० हर्ट्झचा आणि वारा त्याच दिशेत सेकंदाला ६ मीटर असेल, तर फरक जेमतेम २४ हर्ट्झ पडतो. त्यामुळे एका ठोक्यावर विसंबू नये. काही मिनिटांची सरासरी घ्यावी आणि उभ्या झोताने मोजलेला चढता-उतरता वारा तिरक्या झोतांतून वजा करावा.

जागा निवडताना घाई करू नये. मनोरा, नारळाची झाडे किंवा इमारत यांवरून परतणारा प्रतिध्वनी शून्य वेगाचा दिसतो आणि खऱ्या वाऱ्याची सरासरी खाली ओढतो, म्हणून तिरके झोत त्यांच्यापासून दूर वळवावेत. जनरेटर लांब ठेवावा. लाटांचा आवाज मात्र बंद करता येत नाही, त्यामुळे अँटेनाभोवती ध्वनिरोधक कुंपण हवेच. ध्वनीचा वेग हवेच्या तापमानानुसार भरावा: ३० अंश सेल्सिअसला तो सेकंदाला सुमारे ३४९ मीटर असतो, आणि ३४० धरल्यास उंची अडीच टक्क्यांनी चुकते.

उड्डाणाच्या दिवशी खालच्या उंचीचे आकडे मनोऱ्यावरील पवनमापीशी आणि वरचे फुग्याशी ताडून पाहावेत. सकाळी खारे वारे सुरू होण्याच्या सुमारास खालचा थर फिरतो, तर वरचा जुन्याच दिशेने वाहत राहू शकतो. अशा वेळी तासाभरापूर्वीच्या फुग्यावरून प्रक्षेपक लावणे धोक्याचे आहे. प्रतिध्वनी क्षीण असलेल्या उंचीचे आकडे अंदाजाने भरण्याऐवजी सरळ गाळावेत. पाऊस सुरू झाल्यास थेंबांच्या आवाजाने नोंदी बिघडतात, तेव्हा सोडारचे वाचन बाजूला ठेवून नवा फुगा सोडावा.