रिसर्च पेपरसाठी सोर्स वाचताना या चुका टाळा

एमएचे पोरं पेपरचा ड्राफ्ट घेऊन येतात ना, तेव्हा बहुतेक वेळा गडबड लिहिण्यात नसते, सोर्स वाचण्यात असते.

वणीकडची एक पोरगी कापसाच्या उत्पादनावर पेपर लिहून आली. मेहनत भरपूर, गावोगाव फिरून शेतकऱ्यांना विचारलेलं. टेबलात एका बाजूला गावातला एकरी ५ क्विंटल, दुसऱ्या बाजूला रिपोर्टमधला हेक्टरी किलोचा आकडा, तिनं एकराचं हेक्टर बरोबर केलं, १२३५ किलो आले, आणि निष्कर्ष काढला की आपल्या गावात देशाच्या अडीच-तीन पट पिकतं. कोरडवाहू जमिनीत? तिथंच शंका यायला पाहिजे होती. शेतकरी सांगतो तो सरकीसकट कापूस, रिपोर्टमध्ये असते ती रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस. जिनिंगमधून साधारण तिसरा हिस्सा रुई निघते, म्हणजे ४१० किलोच्या आसपास. अख्खा निष्कर्ष गेला. म्हणून आकडा उचलायच्या आधी टेबलाखालची बारीक टीप वाचा, एकक कोणतं, वर्ष कोणतं, मोजलं काय.

वर्षाचं पण तसंच. बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला तोंड देणाऱ्या बियाण्याला, परवानगी २००२ ची, सुरुवातीच्या वर्षांतले पेपर बोंडअळी कमी झाली म्हणतात, तेव्हा ते खरंच होतं, पण २०१७ ला यवतमाळात गुलाबी बोंडअळीनं काय हाल केले ते आपण डोळ्यांनी पाह्यलं. जुना पेपर वापरा, पण "त्या काळात" असं लिहून वापरा.

जर्नलवर आयएसएसएन नंबर आहे म्हणून ते चांगलं, असं समजू नका, तो फक्त ओळख नंबर आहे. यूजीसीनं केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, २०२५ मध्ये बंद केली, तरी "केअर लिस्टेड, दोन दिवसांत पब्लिश" असे मेसेज अजून फिरतात. पैसे भरू नका बाप्पा! एआयनं दिलेला संदर्भ असेल तर आधी गूगल स्कॉलरवर शोधा, कधीकधी असा पेपरच नसतो. थीसिस पाहिजे तर शोधगंगा या वेबसाइटवर फुकट मिळतात.

आता सारांश. नुसता अ‍ॅबस्ट्रॅक्ट, म्हणजे पेपरच्या सुरुवातीचा छोटा गोषवारा, वाचून सारांश लिहू नका, किती लोकांना विचारलं न कुठं विचारलं हे बरेचदा आतच असतं. आणि पीडीएफ समोर ठेवून शब्द बदलत बसू नका. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात दुसऱ्याच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, पण सॉफ्टवेअरनं पकडलं नाही म्हणून दुसऱ्याचा विचार आपला होत नाही, नाव द्याच. फाइल बंद करा, वहीत चार-पाच ओळी लिहा: काय विचारलं, कुठं, कसं, काय सापडलं, काय राह्यलं. नाही जमलं तर परत वाचा. प्रत्येक ओळीपुढं पान नंबर त्याच वेळी टाका, नंतर ते एक पान शोधण्यात अख्खी दुपार जाते.